उतारावरची बोटं

अण्णांनी चाक आडवं धरलं आणि रिमच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. सावकाश, पूर्ण फेरी. मग तेच नख उलट्या दिशेनं. दुकानाबाहेर मे महिन्याचं ऊन, आत ग्रीसचा आणि जुन्या रबराचा वास. "बघा," असं म्हणत त्यांनी माझाच अंगठा धरून रिमवर टेकवला. कड सपाट असायला हवी होती. ती आत गेली होती. वर्षानुवर्षं वाटून वाटून पाट्याला मध्ये खळगा पडतो, तशी. नवी असताना या रिमच्या दोन्ही अंगांना केसाएवढी बारीक खाच होती, चाकभर गोल फिरलेली. झीज ओळखायची ती खूण. खाच दिसेनाशी झाली की रिमचं आयुष्य सरलं. मी ती शोधली. कुठेच नव्हती.

"किती वर्षं झाली?"

"अठरा."

"मग पुष्कळ दिलं हिनं. आता उतारावर नका नेऊ. आतून हवेचा दाब, बाहेरून पातळ कड. कधीतरी फाटते."

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे जुने हब ठेवून नव्या रिमा आणायच्या, तारा ओवून चाकं ते स्वतः बांधून देतील. दुसरी वाट म्हणजे तेवढ्या पैशांत आणखी बरेच घालून नवी, डिस्क ब्रेकची सायकल घ्यायची. मधली वाट नाही, कारण माझ्या सायकलला डिस्क बसतच नाही. चकती धरणारा कॅलिपर अडकवायला तिच्या चिमट्याला जागाच ठेवलेली नाही. शिवाय डिस्क ब्रेक दाबला की सगळा हिसका चिमट्याच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकावर येतो. तो सोसायचा तर चिमटा पहिल्यापासून तसाच घडवावा लागतो. माझा चिमटा सडपातळ, पुढे थोडा वळलेला, स्टीलचा. मान किंचित कलवून कुणी ऐकत असावं तसा तो दिसतो. त्याच्यावर हे ओझं टाकायचा प्रश्नच नव्हता.

चाक हातात धरून मी घरी चालत आलो. तोवर मला वाटत होतं की हा खर्चाचा आणि सोयीचा प्रश्न आहे. पण त्या रात्री रिम पुसताना माझी बोटं पुन्हा पुन्हा त्या खळग्याकडे जात राहिली. रिम ब्रेकमध्ये आपण थांबतो ते चाकाच्या अंगावर. ज्या कडेवर टायर बसतो, तीच कड रबराखाली घासली जाते. दर थांबण्यागणिक चाकातून थोडंसं चाक निघून जातं. कात्रज, बोपदेव, दिवे घाट, सिंहगड यांचे सगळे उतार आणि डेक्कनच्या सिग्नलला मारलेले हजारो ब्रेक या बारीक खळग्यात साठले होते. डिस्क ब्रेक म्हणजे ही झीज चाकावरून उचलून हबाजवळच्या एका निराळ्या चकतीवर नेणं. शिमानो कंपनीची नवी चकती 1.8 मिलिमीटर जाड असते आणि 1.5 वर आली की बदलायची. चाक मात्र तसंच राहतं.

ब्रेक म्हटलं की मला आधी वडिलांची मूठ आठवते.

ते खडकीच्या कारखान्यात जायचे. काळी, अठ्ठावीस इंची, दांड्याची सायकल. तिच्या ब्रेकला केबल नव्हती. हँडलखाली दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडलेल्या सळया, सळयांच्या टोकाला रिमच्या आतल्या बाजूनं बसणारा नाल आणि नालाला दोन रबरं. मूठ आवळली की सळई वर ओढली जायची आणि रबरं रिमच्या पोटाला खालून टेकायची. सगळं डोळ्यांसमोर. कुठे काय अडलंय ते शेंबडं पोरही सांगेल. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात मी जातो तेव्हा अजूनही प्रत्येक जुन्या सायकलीच्या हँडलखाली आधी डोकावतो. त्या पट्ट्या दिसल्या की बरं वाटतं.

पण त्या सळयांना चारी बोटांची मूठ लागायची. मला त्यांच्या मनगटाच्या शिरा आठवतात. मी पुढच्या दांड्यावर टॉवेलाची घडी घालून बसलेला, आणि गणेशखिंडीचा उतार लागला की माझ्या दोन्ही बाजूंना त्यांचे हात ताणले जायचे. उन्हाळ्यात ठीक होतं. पाऊस लागला की सगळं बदलायचं. त्या सायकलींच्या रिमा क्रोमचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या होत्या, आरशासारख्या चकचकीत. ओल्या क्रोमवर रबर धरतच नाही. एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांचं 'बायसिकलिंग सायन्स' हे पुस्तक मी फार पुढे वाचलं. पहिली आवृत्ती 1974 ची. स्टीलची रिम ओली झाली की तिच्यावरचं घर्षण कोरड्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली जातं, हे त्यात मोजून मांडलेलं आहे. वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. त्या दहाव्या हिश्श्यावर आमचं अख्खं घर वर्षातले चार महिने उतारावरून खाली येत होतं.

वडिलांना आकडा माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती. ते म्हणायचे, "पावसात ब्रेक आधी मागून ठेवायचा. लागेल तेव्हा मागितला तर मिळत नाही." म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच ते मूठ हलकेच आवळून ठेवत. रबरानं रिमवरचं पाणी निपटलं जाई, मग कुठे पकड येई. तरी कमी पडलंच तर उजव्या पायाची चप्पल रस्त्याला टेकायची. त्यांच्या उजव्या चपलेचा तळ नेहमी आधी जायचा आणि आई दर पावसाळ्यात त्यावरून बोलायची.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला चुकीची शिकवली. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांनाच ती तशी शिकवलेली असते. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील." म्हणजे उजव्या लिव्हरला हात लावायचा नाही, डाव्यानंच काम चालवायचं. खरं तर ब्रेक मारला की आपला सगळा भार पुढे सरकतो, पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक अडवलं तर ते नुसतं घसरतं. एकटा मागचा ब्रेक जेमतेम अर्धं थांबवतो. पुढचा दाबायलाच हवा, फक्त गचकन नको आणि वळणात नको. शरीर मागे न्यायचं, कोपरं घट्ट करायची, वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग उतरवून घ्यायचा आणि वळणात शिरताना बोटं सैल सोडायची. हे शिकायला मला विशी उलटावी लागली. ब्रेक कुठलाही घ्या, पण मुलांना हे शिकवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दोन हजारांच्या सायकलीवर पुढचा ब्रेक नीट वापरणारं पोर दोन लाखांच्या सायकलीवर फक्त मागचा दाबणाऱ्यापेक्षा लवकर थांबतं.

केबलचा ब्रेक माझ्या हातात आला तो कॉलेजात. अर्नेस्ट बाउडेन या माणसानं 1896 मध्ये या केबलचं पेटंट घेतलं. बाहेर गुंडाळलेल्या तारेची नळी आणि आत सरकणारी वायर, एवढीच करामत. पण त्यामुळे ओढ वळणं घेत कुठेही नेता येऊ लागली आणि सळया गेल्या. पुढे ॲल्युमिनियमच्या रिमा आल्या आणि पावसातली निम्मी भीती त्यांनी घालवली. ॲल्युमिनियम ओलं झालं तरी रबराला धरतं. चाकाचा एखादा फेरा पाणी पुसण्यात जातो आणि मग ब्रेक लागतो. अठरा वर्षांपूर्वी मी जी सायकल घेतली, तिला दोन सांध्यांचे कॅलिपर ब्रेक होते. दोन बोटांत मावणारा दाब. मधलं बोट आणि तर्जनी लिव्हरवर, बाकीची मुठीवर. इतकी वर्षं माझा हात याच आकारात घडत गेला. झोपेतही बहुधा तो तसाच असेल.

रिम ब्रेकचं मला सगळ्यात जे आवडतं ते त्याचं उघडं असणं. रबर किती उरलं ते वाकून पाहिलं की कळतं. केबल सैल झाली तर बॅरल अर्धा आटा फिरवायचा. चाक आउट झालं तर रबर एका जागी घासून लगेच तक्रार करतं, म्हणजे ब्रेक चाकाचाही वैद्य. भोरला, वेल्ह्याला, महाडला, जिथे पंक्चरचं दुकान आहे तिथे ब्रेकचं रबर आणि वायर मिळतेच. नाही मिळालं तर दुकानदार जुन्यातलं काहीतरी कापून बसवून देतो. या भरवशावर मी दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटरच्या बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या केल्या. रात्री तीन वाजता अनोळखी गावातून जाताना आपल्या सायकलीत काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असणं ही फार मोठी सोबत असते.

मग ताम्हिणी झाली.

जुलैचा दुसरा आठवडा होता. मुळशीचं पाणी उजवीकडे ठेवून आम्ही चौघं निघालो तेव्हा भुरभुर होती. ताम्हिणी गावाच्या पुढे ढग रस्त्यावर उतरले. पाऊस असा की थेंब वेगळे दिसेनात. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पाणी येऊन रस्त्यावरून वाहत होतं आणि त्यात डोंगराची लाल बारीक रेती होती. उतारभर ब्रेक धरून ठेवावा लागत होता. खाली पाहिलं तर रिमवरून करडा चिखल ओघळत होता, पिंडऱ्यांवर उडत होता. तो रस्त्याचा चिखल नव्हता. वाळूनं खरवडलेलं ॲल्युमिनियम आणि झिजलेलं रबर होतं ते. माझं चाक आणि माझा ब्रेक एकमेकांत कालवून पाण्याबरोबर वाहून चालले होते.

बोटं गारठून बधिर झाली होती. किती दाबतोय ते कळेना. दोन बोटांची चार झाली, चारांची मूठ झाली. आणि मग एका वळणाच्या अलीकडे आवाज बदलला. रबराची सुरसुर जाऊन खरखर आली, धातूवर धातूची. पुढची रबरं संपून मागची पट्टी रिमला लागली होती. घरून निघताना ती रबरं अर्ध्याहून जास्त शिल्लक होती, मी स्वतः पाहिली होती. वाळूमिश्रित पावसानं एका घाटात ती खाल्ली. मी मागचा ब्रेक दाबला, डावा पाय रस्त्याला टेकवला, बूट घासत घासत कठड्याच्या आतल्या बाजूच्या चरात सायकल घातली आणि आडवा झालो. फारसं लागलं नाही. कोपर सोलवटलं. पण समोरच्या धुक्यातून त्याच वेळी एक ट्रक दिवे लावून वर आला. मी जर तीस पावलं पुढे असतो तर, हा विचार त्यानंतर कित्येक महिने गेला नाही.

तिथून विळ्यापर्यंत सायकल हातात धरून चाललो. सात-आठ किलोमीटर असेल. पायथ्याच्या टपरीवर चहा घेताना उजव्या हाताची बोटं कपाभोवती वळेनात, टपरीवालीनं कप दोन्ही तळव्यांत धरून दिला. बुटाचा तळ पाहिला तर डाव्या टाचेशी एका बाजूनं पार झिजला होता. मला आईचं बोलणं आठवलं.

तरी मी रिम ब्रेक सोडला नाही. त्यानंतर घाटात जाताना रबरांचा एक जोड खिशात ठेवायला लागलो, एवढंच. माणूस ज्या हत्याराला सरावतो त्याची खोड सांभाळून घेतो.

डिस्क पहिल्यांदा हातात आली ती भाचीची. तिनं दोन वर्षांपूर्वी रुंद टायरची, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची सायकल घेतली. ऑक्टोबरातल्या एका पहाटे आम्ही सिंहगडावर गेलो, वर मडक्यातलं दही खाल्लं आणि उतरताना ती म्हणाली, "मामा, आज तू माझी घे." उंची आमची सारखीच. मी नेहमीसारखी दोन बोटं लिव्हरवर ठेवली आणि पहिल्याच वळणाआधी सायकल जागच्या जागी उभी राहिली. मागून ती ओरडली, "दोन कशाला? एकच ठेव!"

एक बोट. तर्जनीचं नुसतं पहिलं पेर. दाबाचा बारीक फरकही चाकापर्यंत पोचत होता आणि चाकाकडून परत बोटापर्यंत येत होता. मऊ भातावरून चमचा फिरवावा इतक्या हलक्या हातानं मी सिंहगड उतरलो. खाली आलो तेव्हा तळहात दुखत नव्हते. ते मला विचित्र वाटलं. सिंहगड उतरलं की अंगठ्याच्या बुडाशी ठणकायचं, हे मी इतकी वर्षं सिंहगडाचंच देणं समजत होतो. पन्नाशीनंतर तो सांधा जरा जास्तच बोलतो.

भाचीचे हात लहान आहेत. रिम ब्रेकच्या माझ्या सायकलवर तिची बोटं लिव्हरपर्यंत पुरतच नाहीत. तिनं एकदा उतरताना प्रत्येक वळणावर थांबून हात झटकले होते आणि मी ते सवयीचा प्रश्न म्हणून सोडून दिलं होतं. आता ती माझ्या पुढे निघून वळणामागे दिसेनाशी होते. लहान हातांची माणसं, बायका, मुलं, सांधे धरलेली माणसं, या सगळ्यांना घाट मोकळा करून देणं हे या ब्रेकचं मोठं काम आहे. शर्यतीतल्या सेकंदांपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

पायथ्याशी थांबलो तेव्हा तिनं मला चकतीला हात लावू दिला नाही. "भाजेल," म्हणाली. मी बाटलीतले दोन थेंब टाकले तर चर्र झालं. घरी येऊन हिशेब केला. सायकल आणि मी मिळून ऐंशी किलो. गडाचा रस्ता सहाशे मीटरच्या आसपास चढतो. तेवढं उतरताना सुमारे 470 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. एवढ्यात जवळपास दीड लिटर पाणी माठातल्या गारव्यापासून उकळीपर्यंत येतं. निम्मी वाऱ्याशी झगडण्यात गेली असं धरलं तरी तीन-चार कप चहाचं आधण आपण बोटांनी ब्रेकमध्ये ठेवून आलो. रिम ब्रेकमध्ये ही धग मोठ्या रिमभर पसरते आणि तिथून टायरकडे, ट्यूबकडे जाते. लांब घाटात ट्यूबला लावलेलं ठिगळ सुटलेलं मी पाहिलं आहे. डिस्कमध्ये ती सगळी एका ताटलीएवढ्या पातळ पत्र्यावर येते. पत्रा लाल-निळा पडतो, पण टायरपासून लांब असतो.

आणि ही ताटली लहान आहे म्हणूनच तिला तेलाची ताकद लागते. माझ्या चाकाच्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर, भाचीच्या चकतीचा 160. केंद्राच्या इतक्या जवळ पकडून तेच चाक थांबवायचं तर कॅलिपर जवळजवळ चौपट जोरानं आवळावा लागतो. बोटाला मात्र हे कळत नाही, मधलं सगळं कष्टाचं काम तेल करतं. खरं म्हणजे रिम ब्रेक हीसुद्धा एक डिस्कच आहे, सगळ्यात मोठी, चाकाएवढी. फक्त ती रस्त्याच्या पाण्यात आणि चिखलात फिरते, आणि छोटी चकती त्यापासून थोडी वर, आत, कोरड्यात राहते. इथे चार महिने पाऊस असतो. त्यामुळे हा फरक कागदावरचा राहत नाही.

तरी भाचीच्याच सायकलीनं मला दुसरी बाजूही दाखवली. तिनं ती एका दुकानात सर्व्हिसिंगला दिली होती. दुकानातल्या मुलानं चेनला तेल मारताना मायेनं सगळ्याच सायकलीवर फवारा मारला आणि चकतीही लखलखीत पुसून दिली. दुसऱ्या दिवशी ती बोपदेव घाटाच्या माथ्यावरून मला फोन करून म्हणाली, "मामा, ब्रेक किंचाळतोय आणि लागत नाहीये." पॅड तेल प्यायले होते. एकदा पॅड तेल प्यायला की बहुतेक वेळा तो फेकूनच द्यावा लागतो. बोटाचा घामट ठसासुद्धा त्या चकतीवर नको. मी पॅड घेऊन कोंढव्याकडून वर गेलो. रिमवर तेल पडलं असतं तर रस्त्याकडेच्या टपरीवरून साबणाचं पाणी मागून काम झालं असतं.

शिवाय तेलांच्याही जाती आहेत. कुणाच्या ब्रेकला खनिज तेल, कुणाच्या ब्रेकला मोटारीत घालतात ते डॉट. अदलाबदल झाली की आतली सीलं फुगून वाया जातात. चकती जराशी वाकली तर प्रत्येक फेऱ्याला किर्र-किर्र करते, कारण पॅड आणि चकती यांच्यात कागदाएवढंच अंतर असतं. आतली नळी, आतला पिस्टन, आतलं तेल, काही दिसत नाही. काही बिघडत नाही तोवर छान, पण आपल्याला काही विचारलंही जात नाही. याची मला अजून सवय व्हायची आहे.

आणि स्वस्तातल्या डिस्कबद्दल स्पष्टच लिहितो. शाळेतल्या मुलांना 'डिस्कवाली' सायकल हवी असते आणि दुकानात तशा सायकली रांगेनं उभ्या असतात. पातळ पत्र्याची चकती, केबलचा ढिला कॅलिपर, सहा महिन्यांत खुळखुळायला लागणारा. त्यापेक्षा त्याच किमतीत ॲल्युमिनियमच्या रिमा आणि साधे व्ही-ब्रेक असलेली सायकल शतपटीनं सुरक्षित. मुलाचा हट्ट मोडताना वाईट वाटतं हे मला माहीत आहे. तरी मोडावा.

शर्यतीच्या जगात हा वाद आता जुना झाला. 2016 च्या पॅरिस-रुबे शर्यतीत फ्रान व्हेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूच्या पायाला खोल जखम झाली, त्यानं डिस्कच्या चकतीवर बोट ठेवलं आणि शर्यतींत चालू असलेली डिस्कची चाचणी थांबवावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली, मार्सेल किटेलनं टूर द फ्रान्सचा टप्पा डिस्कवर जिंकला आणि 1 जुलै 2018 पासून डिस्कला पूर्ण मान्यता मिळाली. तरी 2019 ची टूर एगान बर्नालनं रिम ब्रेकवरच जिंकली. म्हणजे वेगवान माणसाला दोन्ही चालतात. पण कारखान्यांनी निवड करून टाकली आहे. शिमानोनं 2022 मध्ये 105 या मालिकेचा नवा इलेक्ट्रॉनिक गिअर-ब्रेक संच आणला, तो फक्त डिस्कसाठी. आज नवी, चांगली, रिम ब्रेकची रेसर सायकल शोधायला निघालं तर हाती फारसं काही लागत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोरड्या रस्त्यावर, सपाटीला, हलकी, स्वतः दुरुस्त करता येणारी सायकल हवी असलेल्या माणसासाठी रिम ब्रेक आजही पुरेपूर चांगला आहे. त्याच्यासमोरून तो पर्यायच काढून घेणं मला मान्य नाही.

जूनचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो आणि दोन्ही सांगितलं. रिमा मागवा, बांधा. आणि मी डिस्कची सायकल घेतोय, तेलाची. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिचं तेल मी नाही बघणार. पण चाकं आउट झाली तर आणा."

रिमा बांधल्या तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसून होतो. एका चाकाला बत्तीस तारा. प्रत्येक तार हबातून काढायची, शेजारणीखालून न्यायची, रिमच्या भोकात निपल घालून दोन आटे. सगळ्या लागल्या की मग एक एक आवळत जायचं, तार छेडून तिचा सूर ऐकायचा, पाव आटा इकडे, पाव तिकडे. नवी रिम चांदीसारखी फिरत होती आणि तिच्या दोन्ही अंगांवर ती बारीक खाच स्पष्ट दिसत होती. जुनी रिम अण्णा भंगारात टाकणार होते. मी मागून घेतली. आता ती गॅलरीत भिंतीला टेकून उभी आहे, तिच्यावर गोकर्णीचा वेल चढवायचा विचार आहे. जुन्या सायकलवर आता दिवाळी ते मे, आणि शहरातली रोजची कामं.

नवी सायकल आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वेताळ टेकडीवर एआरएआयच्या रस्त्याला गेलो. पाऊस थांबला होता. नवे पॅड आणि नवी चकती एकमेकांना धरत नाहीत, त्यांना आधी बसवून घ्यावं लागतं. उतारावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा, ब्रेक घट्ट पण चाक न अडवता दाबायचा, चालण्याइतक्या वेगावर आणायचं, सोडायचं. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. असं वीस वेळा तरी. पॅडचा अगदी पातळ थर चकतीवर सारखा चढतो आणि मगच पकड येते. पहिल्या दोन-तीन खेपांना सायकल नुसती घरंगळत गेली. पाचव्या-सहाव्याला जळका वास आला. आठव्याला लिव्हरमधून बोटाला काहीतरी घट्ट, ओळखीचं लागायला लागलं.

साडीवर बूट घालून फिरायला आलेल्या एक आजी मला तिसऱ्यांदा वर चढताना पाहून थांबल्या. "ब्रेक लागत नाहीयेत का रे?"

मी थांबलो आणि त्यांना सांगितलं. नवा आहे, गरम करून करून त्याच्यावर थर बसवायचाय.

"बिडाचा तवा मुरवतात तसं," त्या म्हणाल्या.

"हो आजी. अगदी तसंच."

त्यांनी वाकून चकतीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. सवयीनं दोन बोटं लिव्हरवर होती. एक मी उचलून मुठीवर ठेवलं आणि नवव्या खेपेसाठी वर निघालो.